अस्सल बरहुकूम खरी नक्कल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तहसील कचेरीत जुन्या फेरफाराची नक्कल मागायला गेलात, की आधी अर्ज, मग कोर्ट फी स्टॅम्प, मग "उद्या या" असं सगळं यथासांग पार पडतं आणि शेवटी एक कागद हातात येतो. त्याच्या खालच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा शिक्का असतो : 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. आता संगणकावरचा सातबारा आला, डिजिटल सही आली, पण जुन्या कागदांवर हा शिक्का अजून भेटतो. मला तो लहानपणापासून आवडतो. चार शब्दांपैकी तीन अरबी-फारसीतून मराठीत येऊन इथलेच झालेले. 'अस्सल' म्हणजे मूळचं. अरबीतल्या 'अस्ल'चा शब्दशः अर्थच मुळी झाडाचं मूळ. 'बरहुकूम' म्हणजे हुकमाप्रमाणे, काडीचाही फरक न करता. 'नक्कल' हा शब्द मात्र मी जरा राखून ठेवतो. त्याचं काम पुढे पडणार आहे.

हा शिक्का एखाद्या जिवंत प्राण्यावर मारता येईल का? म्हणजे एक गाय आहे, तिच्यासारखीच दुसरी गाय तयार केली, आणि कुणी अधिकाऱ्याने तपासून सांगितलं, की ही अस्सल बरहुकूम आहे, असं होईल का? प्रश्न माझा नाही. माझ्या मामूंचा आहे.

मामू ऐंशीच्या घरातले. राहाता तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांची डाळिंबाची बाग आहे. 2023 सालच्या मार्च महिन्यात टीव्हीवर बातमी आली, की हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत गीर गाईची क्लोन कालवड जन्माला आली, तिचं नाव गंगा ठेवलं. त्यानंतर मी गेलो, तेव्हा मामू माझी वाटच बघत होते. म्हणाले, "बेटा, तू तो पढा-लिखा है. अपनी लाली बना के देंगे क्या वो लोग?"

लाली ही त्यांची गीर गाय. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. मुमानीच्या हाताशिवाय ती पान्हा सोडत नसे. मुमानी गेल्या, तेव्हा लालीने दोन दिवस धार दिली नाही. तिसऱ्या दिवशी मामूंनी मुमानीचा दुपट्टा डोक्यावर घेतला आणि खाली बसले, तेव्हा कुठे तांब्याभर दूध निघालं. पुढे 2013 च्या दुष्काळात लालीही गेली. चिंचेखाली पुरली आहे.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा. पण 'पढा-लिखा' म्हटल्यावर सुटका नसते. दोन-तीन महिने वाचलं, ओळखीच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांचं डोकं खाल्लं, आणि जे समजलं ते मामूंना सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी कर्नालला काय केलं ते बघू. आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं आणि त्यात त्या प्राण्याची सगळी लिखापढी असते. तिलाच आपण डीएनए म्हणतो. माणसाच्या बाबतीत ही सुमारे तीनशे कोटी अक्षरांची पोथी आहे. एका गाईचं बीजांड घ्यायचं, त्यातलं केंद्रक काढून टाकायचं, आणि ज्या गाईची नक्कल हवी तिच्या अंगावरच्या पेशीचं केंद्रक त्यात बसवायचं. विजेचा किंवा रसायनाचा हलका झटका दिला, की त्या पेशीला वाटतं आपण गर्भ आहोत, आणि ती वाढू लागते. मग ती तिसऱ्या गाईच्या गर्भाशयात ठेवायची. गंगाच्या बाबतीत पेशी गीर गाईची, बीजांड साहिवाल गाईचं आणि गर्भ वाढवणारी गाय संकरित होती. एका कालवडीला तीन आया! आता सांगा, नक्कल कुणाची?

तुम्ही म्हणाल, पोथी गीरची म्हणजे नक्कल गीरची. बरोबर आहे, पण पुरतं बरोबर नाही. पेशीच्या केंद्रकाबाहेर तंतुकणिका नावाचे बारीक अवयव असतात. पेशीला लागणारी ऊर्जा तेच तयार करतात आणि त्यांची स्वतःची एक छोटी पोथी असते, माणसात ती 37 जनुकांची आहे. ही पोथी आईच्या बीजांडातूनच येते. म्हणजे गंगाच्या अंगात गीरची मोठी पोथी आहे, पण बीजांडाबरोबर साहिवालचं चोपडंही आलं. शिक्का मारणारा कारकून इथेच अडखळेल.

हे तंत्र जगापुढे आलं ते डॉली मेंढीमुळे. स्कॉटलंडच्या रॉझलिन संस्थेत 5 जुलै 1996 रोजी ती जन्मली आणि 1997 च्या फेब्रुवारीत जगाला कळलं. 277 बीजांडांवर प्रयोग झाला, त्यातून एक डॉली. ज्या मेंढीच्या पेशीपासून ती बनवली ती मेंढी तोवर मेलेली होती, तिच्या पेशी तेवढ्या गोठवून ठेवलेल्या होत्या. हे मी मामूंना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. पण गोठवलेली पेशी वेगळी आणि दहा वर्षं चिंचेखाली मातीत गेलेली गाय वेगळी. तिथे आता वाचता येईल अशी पोथी शिल्लक नाही. आपल्या देशात कर्नालनेच 2009 साली 6 फेब्रुवारीला म्हशीचं क्लोन पारडू जन्माला घातलं. त्याचं नाव समरूपा. ते आठवडाभरही जगलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा झाली. 2012 च्या मार्चमध्ये काश्मीरच्या कृषी विद्यापीठात पश्मिना बकरी जन्मली. तिचं नाव नूरी, म्हणजे प्रकाशाची. ती 2023 पर्यंत जगली. क्लोन करता येतो का, या प्रश्नाचं उत्तर तर मिळालंच आहे. तो हुबेहूब असतो का, हा आपला प्रश्न आहे.

याचं सगळ्यात बोलकं उत्तर एका मांजरीने दिलं. आपल्या गल्लीत तिरंगी मांजर असते बघा, पांढरी, काळी आणि नारिंगी. तशी एक मांजर अमेरिकेत टेक्सासमध्ये होती, नाव रेनबो. तिच्या पेशीपासून 22 डिसेंबर 2001 रोजी जगातली पहिली क्लोन मांजर जन्मली. तिचं नाव ठेवलं 'सीसी', इंग्रजीत कार्बन कॉपी या शब्दांची आद्याक्षरं. गंमत अशी, की ही कार्बन कॉपी आपल्या मूळ मांजरीसारखी दिसेनाच. रेनबो तिरंगी, आणि सीसीच्या अंगावर नारिंगी केसच नाहीत. करड्या पट्ट्या आणि पांढरा रंग, बस.

असं का झालं? मांजरीचा नारिंगी रंग एक्स या गुणसूत्रावर लिहिलेला असतो. मादीला दोन एक्स असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. पण पेशीला एकच पुरतो. त्यामुळे गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स बंद करून टाकते. कुठली पेशी कुठला बंद करील, याला नियम नाही, ती छापा-काटा आहे. पुढे त्या पेशीची सगळी पिलावळ तोच एक्स बंद ठेवते. म्हणून अंगावर नारिंगीचा एक ठिगळ, काळ्याचा एक ठिगळ अशी गोधडी तयार होते. सीसीसाठी घेतलेल्या पेशीत नारिंगीचं पान दुमडून बंद झालेलं होतं आणि ते पुन्हा उघडलंच नाही. म्हणजे पोथी तीच, पण कुठलं पान उघडं आणि कुठलं मिटलेलं, ते वेगळं.

लालीच्या कपाळावरच्या टिळ्याचंही असंच. अंगाला रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या बाजूने निघतात आणि कातडीत पसरत जातात. जिथे पोचत नाहीत तिथे पांढरं राहतं. किती पोचतील, कुठे अडतील, हे तंतोतंत लिहिलेलं नसतं. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाईंचे क्लोन केले, तेव्हा एकाच पोथीच्या गाईंवर ठिपक्यांचे नकाशे वेगवेगळे निघाले. लालीची पेशी मिळाली असती तरी टिळा कपाळावर आला असता, की नाकावर, की आलाच नसता, हे कुणी सांगू शकलं नसतं.

मामू जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण ही तर सगळी एकसारखीच आहेत की," आणि त्यांनी समोरच्या बागेकडे हात केला.

इथे मला थांबावं लागलं. कारण मामूंनी मुद्द्यालाच हात घातला होता. क्लोन म्हटलं की आपल्याला काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट आठवतात. पण आपला नगर जिल्हा आधीपासून क्लोनच्याच जिवावर जगतो आहे. ऊस घ्या. उसाला तुरा येतो, त्यात बारीक बी असतं, पण ते कुणी शेतात पेरत नाही. आपण टिपरी लावतो. दोन डोळ्यांची, नाहीतर एक डोळ्याची. त्या डोळ्यातून उगवणारा ऊस म्हणजे पहिल्या उसाचाच तुकडा. खोडवा तर विचारूच नका, ते तेच झाड. को 86032 हा वाण आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. 'को' म्हणजे कोइमतूर, 86 म्हणजे 1986. तिथल्या ऊस पैदास संस्थेत बियापासून उगवलेलं एक रोप निवडलं गेलं, आणि आज प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठाने जेवढा 86032 उभा आहे तो सगळा त्या एका रोपाचा विस्तार. एकच ऊस, लाखो ठिकाणी उभा.

डाळिंबाचंही तसंच. बी लावलंत तर झाड येईल, पण ते आईसारखं येईलच असं नाही. दाणा आंबट निघेल, साल जाड निघेल. म्हणून गुटी कलम बांधतात. फांदीची साल गोलाकार काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक, आणि महिना-दीड महिन्यात तिथे मुळ्या फुटल्या की फांदी कापून नवं झाड. 'गणेश' डाळिंब पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी 1936 साली आळंदी वाणातून निवडलं. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गणेश आणि 'गुल-ए-शाह' या रशियन वाणाचा संकर केला आणि त्याच्या संततीतून 'भगवा' निवडला. 2003 च्या सुमारास तो शेतकऱ्यांच्या हाती आला आणि बघता बघता बाकीचे वाण बाजूला पडले. मामूंच्या बागेत चारशे झाडं आहेत. सगळी भगवा.

'कलम' या शब्दावरून एक आठवलं. उर्दू घरात लहानपणी कलम म्हणजे लेखणी, बोरूची. शाळेत मराठीच्या पुस्तकात आंब्याचं कलम भेटलं, तेव्हा मला वाटलं छापण्यात चूक आहे. मग कळलं, की शब्द एकच. बोरूला तिरपा छेद देतात तसाच फांदीला देतात. अरबीत तो ग्रीकांच्या 'कालामोस'वरून आला, त्याचा अर्थ बोरू, वेत, पोकळ दांडा. म्हणजे मुळात उसाचाच भाऊबंद. नक्कल उतरवणारी कलम आणि झाडाची नक्कल करणारं कलम एकाच घरातलं निघालं. असो.

तर मामूंची चारशे झाडं अस्सल बरहुकूम आहेत का? पोथीच्या हिशेबाने जवळजवळ आहेत. आणि त्याची किंमत मामूंनी मोजली आहे. 2006-07 च्या आसपास महाराष्ट्रातल्या डाळिंबावर तेल्या आला. हा जिवाणूंचा रोग. पानावर तेलकट डाग पडतो, फळावर काळा डाग पडून ते तडकतं. पावसाच्या शिंतोड्याने पसरतो, छाटणीच्या कात्रीने पसरतो, आणि रोगट झाडाची गुटी बांधली तर कलमाबरोबर गावोगाव जातो. एका झाडाला जो जिवाणू लागला त्याला शेजारच्या झाडाचं कुलूप वेगळं नव्हतंच. सगळ्या कुलपांना एकच किल्ली. बियाची बाग असती तर फळं नाना तऱ्हेची आली असती, व्यापाऱ्याने नाक मुरडलं असतं, पण एखाद-दुसऱ्या झाडाने टक्कर दिली असती अशी निदान आशा तरी राहिली असती. मामूंनी दोन हंगाम फवारण्या केल्या. तिसऱ्या वर्षी बाग उपटली आणि बांधावर पेटवली. मी तेव्हा तिथे होतो. हिरव्या लाकडाला आग लागत नाही, ते नुसतं धुमसतं. मुमानी दारात उभ्या होत्या. त्यांनी दिवसभर चूल पेटवली नाही.

जगात हे आधीही झालं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत विकलं जाणारं केळं 'ग्रो मिशेल' नावाचं होतं. तेही कंदांपासून वाढवलेलं, सगळीकडे एकच. पनामा रोगाने त्याच्या बागा उठवल्या. मग 'कॅव्हेंडिश' गटाची केळी आली, आपल्या जळगावचं ग्रँड नैन त्यातलंच. तेही कंदापासून किंवा ऊतिसंवर्धनाच्या रोपांपासूनच लावतात, म्हणजे पुन्हा नक्कलच. माणूस शिकतो, पण बाजार ज्या फळाला भाव देतो तेच तो लावतो. मामूंनी पुन्हा बाग लावली तेव्हा मी विचारलं, दुसरा वाण का नाही? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी कवी आहे हे त्यांना पुन्हा आठवलं असावं. राहात्याच्या बाजारात भगव्याला गिऱ्हाईक आहे. एवढंच.

फरक इतकाच, की या वेळी रोपं ऊतिसंवर्धनाची आणली. झाडाच्या अगदी वाढत्या टोकाचा बारीकसा तुकडा घेऊन बाटलीत, पोषक द्रावात वाढवतात. काळजीने निवडलेल्या त्या कोवळ्या टोकात सहसा रोग नसतो, म्हणून रोप निरोगी मिळतं. उसाच्या बेण्यालाही म्हणूनच दर तीन-चार वर्षांनी बदलायला सांगतात. शेतकरी म्हणतो "बेणं थकलं". पोथी थकलेली नसते. टिपरीबरोबर विषाणू, गवताळ वाढीसारखे रोग पुढे पुढे साचत जातात. म्हणून मूलभूत बेण्याला 54 अंशाच्या दमट गरम हवेत शेकून काढतात. यातली खोच बघा. नक्कल करताना आपण फक्त झाड उतरवत नाही, त्याच्या अंगावरची आजारपणंही उतरवतो, जी त्याच्या पोथीत कुठेच लिहिलेली नाहीत.

आणि पोथी तरी जशीच्या तशी उतरते का? शंभर टक्के नाही. पेशी दुभंगताना सगळी अक्षरं पुन्हा लिहावी लागतात. पेशीचा लेखनिक फार इमानी आहे. लिहून झाल्यावर तपासतो, खाडाखोड करतो, आणि तरीही अब्जावधी अक्षरांत एखादं चुकतं. बहुतेक चुका निरुपद्रवी, काही जीवघेण्या, आणि क्वचित एखादी पैसे मिळवून देणारी. द्राक्षं खाताना तुम्ही ही चूक खाल्ली असेल. 'थॉमसन सीडलेस' या बिनबियांच्या द्राक्षाच्या वेली महाराष्ट्रभर काड्या लावून वाढवल्या, म्हणजे नकलाच. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांना त्यात लांबट मण्यांची वेल दिसली. तीच पुढे 'सोनाका'. सांगली जिल्ह्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी त्याच थॉमसनमधून 'तास-ए-गणेश' काढलं. दोघे प्रयोगशाळेतले नव्हेत, आपल्या वेलीकडे रोज बघणारे शेतकरी. हजार सारख्या वेलींत एक वेगळी आहे हे ज्याच्या नजरेला दिसतं, त्याला मी शास्त्रज्ञच म्हणतो. उसातही झालं. सीओसी 671 या वाणाच्या पेशी बाटलीत वाढवताना जे फरक पडले, त्यातून मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने व्हीएसआय 434 हा वाण काढला. नक्कल चुकली, म्हणून नवा वाण मिळाला.

माणसांतले क्लोन म्हणजे एकसारखी जुळी. एकाच गर्भाचे दोन भाग होऊन झालेली. 2021 साली आइसलंडमधल्या शास्त्रज्ञांनी अशा जुळ्यांच्या पोथ्या अक्षर अन् अक्षर ताडून पाहिल्या. गर्भात अगदी सुरुवातीला पडलेले सरासरी पाचेक फरक दोघांत निघाले. तीनशे कोटींत पाच म्हणजे काहीच नाही, पण शून्य नाही. बोटांचे ठसे तर दोघांचे वेगळेच असतात. गर्भातल्या दाबाचा, पाण्याचा, बोटाच्या वाढीच्या वेगाचा त्यात हात असतो. आधारच्या यंत्राला जुळ्या भावांचा घोळ आईपेक्षा कमी पडतो तो यामुळे. डोळ्यातल्या बुबुळाची नक्षी तर एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या डोळ्यांतही सारखी नसते. म्हणजे आपला डावा डोळा उजव्याची खरी नक्कल नाही, आणि आपण कालवडीत खोट काढतो!

आता शेवटचा डाव. समजा, पोथी-बिथी सोडून दिली. समजा एखादं असं यंत्र निघालं, की ते गाईचा एकेक अणू मोजील आणि तसाच अणू त्याच जागी ठेवून दुसरी गाय उभी करील. मग तर टिळा, ठसा, आठवण सगळंच उतरेल ना? माणसाच्या सत्तर किलो वजनाच्या देहात अणू किती, तर सातावर सत्तावीस शून्यं. मोजायला बसलात तर विश्वाचं आतापर्यंतचं आयुष्य पुरायचं नाही. पण मोठा आकडा ही खरी अडचण नव्हे. अडचणी दोन आहेत.

पहिली अशी, की अस्सल प्रत स्थिर बसत नाही. फेरफाराचा कागद नक्कल होईपर्यंत बदलत नाही. गाय बदलते. माणसाच्या अंगात दर सेकंदाला वीस लाखांच्या वर नव्या तांबड्या पेशी तयार होतात आणि साधारण तितक्याच मोडतात. एक पेशी चारेक महिने टिकते. आतड्यातले जिवाणू मोजले तर ते आपल्या स्वतःच्या पेशींच्या बरोबरीने भरतात आणि जेवण बदललं की त्यांचीही जमवाजमव बदलते. तुम्ही सकाळचे तुम्ही आणि संध्याकाळचे तुम्ही यांवर कुणी तो जांभळा शिक्का मारणार नाही.

दुसरी अडचण निसर्गाच्या नियमाचीच आहे. 1982 साली वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि वेगळेपणाने डीक्स यांनी दाखवून दिलं, की एखाद्या सूक्ष्म कणाची अवस्था आपल्याला आधीपासून ठाऊक नसेल, तर मूळ कण शाबूत ठेवून तिची तंतोतंत दुसरी प्रत करता येत नाही. यंत्र कितीही चांगलं असो. 1993 साली काही शास्त्रज्ञांनी त्यातून वाट काढली आणि 1997 मध्ये ऑस्ट्रियात प्रकाशकणांवर ते करूनही दाखवलं. कणाची अवस्था एका जागेवरून दुसऱ्या जागी जशीच्या तशी नेता येते. अट एकच, पहिल्या जागी ती उरत नाही.

इथे तो राखून ठेवलेला शब्द. 'नक्कल' ज्या अरबी 'नक्ल'वरून आला, त्याचा मूळ अर्थ प्रत करणं हा नाही. मूळ अर्थ एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं. उर्दूत अजून घर बदलण्याला 'नक्ल-ए-मकानी' म्हणतात. पुढे लिहिलेलं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेणं म्हणून ती 'नक्कल' झाली. कण हलवता येतो, त्याची जोड करता येत नाही, हा आजचा नियम त्या जुन्या शब्दात बसतो. यात गूढ काही नाही, योगायोगच. पण मी दोन दिवस खुशीत होतो.

गाय म्हणून जगायला कणाकणाची इतकी बिनचूकता लागते का? बहुधा नाही. बऱ्यापैकी नक्कलही चारा खाईल, दूध देईल. म्हणजे 'चालेल अशी' नक्कल होऊ शकते, झालेलीही आहे. भगवा डाळिंब चालतोच ना. अस्सल बरहुकूम तेवढी होत नाही. कारण जिवंत असणं हे पोथीत जेवढं आहे, तेवढंच त्या पोथीबाहेर जे घडत गेलं त्यातही आहे.

हे सगळं मी मामूंना तुकड्या-तुकड्याने सांगितलं. ते डाळिंबाच्या ओळींतून पुढे चालत होते, मी मागे. मी म्हटलं, "मामू, ही तर सगळी एकाच झाडाची नक्कल आहे." ते म्हणाले, "असेल." मग काठीने दाखवत गेले. हे बांधाकडचं, याला पाणी कमी पोचतं, पण दाणा याचाच गोड. हे आळशी, सगळ्यांच्या मागून फुलतं. ही ओळ विहिरीच्या दगडगोट्यावर आली आहे, हिला शेणखत जास्त लागतं. त्या तिथल्याला मागे ट्रॅक्टरचा धक्का बसला होता, तेव्हापासून ते तिरकं वाढतं. चारशे झाडांतली पंचवीस-तीस तरी त्यांनी मला अशी एकेकटी ओळख करून दिली.

चिंचेजवळ आल्यावर थांबले.

"म्हणजे पेशी असत्या तरी कातडं लालीचं आलं असतं."

मी मान हलवली.

"आणि धार द्यायला तुझी मुमानी पण लागली असती."

मी काही बोललो नाही. ते काठी टेकवून खाली बसले, चिंचेचा पडलेला आकडा उचलला, सोलला, आणि अर्धा मला दिला. मग बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "त्या गंगेची धार कोण काढतं?"